वणवा : संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण

॥ श्रीपांडुरंग प्रसन्न ॥

सज्जनहो, मागे एका चैत्रात डोंगरकपारीच्या एका गावी सप्ताहात आमची सेवा झाली. कीर्तन आटोपून आम्ही विणेकऱ्याशेजारी टेकलो, तो एक वृद्ध माळकरी पुढे आले आणि म्हणाले, "महाराज, एक शंका आहे. आमच्या गावामागचा डोंगर दर साल उन्हाळ्यात जळतो. पोरं म्हणतात, आबा, विझवायला चला. मी म्हणतो, आभाळातून वीज पडली, रान पेटलं, ही देवाची करणी. देवानं लावलेली आग माणसानं विझवावी का?"

आम्ही थकलो होतो. "उद्या काल्यानंतर सांगू, माउली," असे म्हणून वेळ मारून नेली आणि दुसऱ्या दिवशी काला होताच पुढल्या गावी निघून गेलो. पंधरा दिवसांनी निरोप आला की डोंगर पेटला, आग खाली गावंदरीपर्यंत उतरली आणि त्याच आबांची वैरणीची गंज व गोठ्यातली गाभण गाय गेली. तेव्हापासून ते उत्तर आमच्या अंगावर ऋणासारखे आहे. आज ते फेडतो.

प्रथम विजेचा विचार करू. आबा म्हणाले त्यात तथ्यांश आहे. कोरडी वीज म्हणून एक प्रकार खरोखर आहे. ढगाचे बूड फार उंचावर असते आणि खालची हवा तापून कोरडी झालेली असते. पावसाचे थेंब निघतात, पण भुईला पोचण्याआधी वाटेतच त्यांची वाफ होते. वीज मात्र वाटेत विरत नाही. ती झाडावर उतरते. पावसासोबत आलेली वीज आग लावते आणि पाऊस ती बहुधा विझवतो. कोरडी वीज आग लावून निघून जाते. कधी ती झाडाच्या बुंध्यात नाहीतर मुळाशी दिवसचे दिवस नुसती धुमसते, आणि वारा सुटला म्हणजे भडकते. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात २०२० च्या ऑगस्टात अशा हजारो विजा थोड्याच दिवसांत पडल्या आणि शेकडो वणवे लागले. तिकडच्या उत्तरेकडील डोंगरांत अनेक वणवे एकमेकांस मिळून १० लाख एकरांहून अधिक रान एका आगीत गेले.

पण आबांचा डोंगर सह्याद्रीतला. आपल्याकडे वळवाची वीज येते ती बहुतेक पाऊस घेऊन येते. आपल्या देशातले बहुतेक वणवे माणसाच्या हातूनच लागतात. कोणी पुढल्या साली गवत जोमाने यावे म्हणून डोंगर पेटवतो, कोणी मोहाची फुले वेचायला पाचोळा जाळतो, कोणी मधाच्या पोळ्याला धूर देतो, कोणी शिकारीसाठी रान उठवतो, आणि कोणी विडीचे थोटूक टाकतो. मग नाव मात्र देवाचे!

हे आम्ही दुसऱ्यांकडे बोट दाखवून बोलत नाही. एका वैशाखात आम्ही मंडळींसह बदरीकेदारास निघालो होतो. यात्रेचे दिवस आणि तिकडच्या वणव्यांचे दिवस एकच. तेथे चीड नावाची झाडे. त्यांच्यात राळ असते, आणि त्यांच्या वाळल्या सुयांना तिकडचे लोक पिरूल म्हणतात. त्या पिरुलाचा थर साऱ्या उतारावर पसरलेला. रात्री समोरच्या डोंगरावर आगीची रांग दिसली. आमच्यातल्या एकाने हात जोडले, म्हणाला, "काय दिवट्यांची आरास आहे!" गाडीवाला गढवाली होता. तो म्हणाला, "महाराज, ती आरास नव्हे. ते आमचं रान आहे." पुढे एका वळणावर आमच्याच एका माळकऱ्याने खिडकीतून जळती विडी टाकली. गाडीवाल्याने गाडी थांबवली, खाली उतरला, मागे चालत गेला, विडी पायाने चिरडली, वर माती लोटली आणि एक शब्द न बोलता येऊन बसला. पाठशाळेत बारा वर्षे शास्त्र घोकलेले आम्ही गाडीत बसूनच होतो.

त्याच उत्तराखंडात २०१६ च्या उन्हाळ्यात वायुसेनेची हेलिकॉप्टरे भीमतालाचे पाणी उचलून डोंगरावर ओतीत होती, आणि १३ जून २०२४ रोजी बिनसरच्या अभयारण्यात आग विझवायला गेलेले वनखात्याच्या कामावरील चार जण जागीच गेले. एका काडीची किंमत ही अशी असते.

आता शास्त्र लावून पाहा. उतारावर सालोसाल साचलेले वाळले गवत व पिरूल हे संचित. वीज, वारा, उन्हाचा ताव हे प्रारब्ध; ते आपल्या स्वाधीन नाही. काडी धरणारा हात हे क्रियमाण, आणि ते सर्वस्वी आपले. प्रारब्धाची ठिणगी पडली तरी संचित साफ असेल तर ती जागीच विझते. मग सारा भार प्रारब्धावर टाकून बसणे ही भक्ती कशी? तो आळस आहे, आणि त्याने भक्तीचे वस्त्र पांघरले आहे एवढेच.

आणि देवाची इच्छा म्हणाल, तर भागवत उघडा. दशमस्कंधाच्या १९ व्या अध्यायात गाई गवताच्या लोभाने मुंजारण्यात शिरल्या आणि वनात दावाग्नी उठला. तो कोणी लावला नव्हता, आपसूकच उठला होता. भागवतकार वाऱ्याला अग्नीचा सारथी म्हणतात. देवाने तेव्हा गोपांना "ही माझी करणी, जळू द्या" असे सांगितले काय? तो अग्नी त्याने स्वतः पिऊन टाकला! जी आग देवाने गिळली ती विझवणे देवाविरुद्ध कसे होईल?

कोणी म्हणेल, देवाने गोपांना डोळे मिटायला सांगितले होते, तसे आम्हीही मिटतो. पण आधीची कथा सोडू नका. खुरांच्या खुणा पाहत, दातांनी तोडलेले गवत पाहत ते गोप गाई शोधीत वनात शिरले होते. हातापायांचे काम संपले तेव्हा डोळे मिटले. आपण काम सुरू होण्याआधीच मिटतो, एवढाच काय तो भेद.

म्हणून काही गोष्टी गाठीस बांधा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. होळीपूर्वीच गावाने मिळून डोंगराच्या पायथ्याला जाळरेषा काढावी, गवत कापून घरी आणावे, गंज रानापासून दूर रचावी. डोंगर जाळल्याने गवत वाढते हा समज सोडा. पहिल्या पावसात माती वाहून जाते, आणि भुईवर घरटी करणाऱ्या पाखरांची अंडी जळतात ती वेगळीच. राखीव वनात आग लावणे १९२७ च्या कायद्याने गुन्हाही आहे. वणवा दिसताच वनरक्षकाला कळवा. आणि आगीपुढे कधी चढणीला धावू नका. ज्वाला उताराला चिकटून वरचे गवत आधीच तापवते, म्हणून चढ दर १० अंशांनी वाढला की तिचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात मार्च २०१८ मध्ये वणव्यात सापडून वीसांहून अधिक गिर्यारोहक गेले. आग वर येत असेल तर आडवे निघून आधी जळून गेलेली जमीन गाठावी.

शेवटी एक आमच्याबद्दल. गर्जना पुष्कळ आणि थेंब एक नाही, असा ढग म्हणजे कोरडी वीज. त्या रात्री व्यासपीठावर आम्ही दोन घटका गर्जलो, आणि आबांना हवा होता तो थेंब द्यायला मात्र चुकलो. त्या गावाला आता आम्ही कळवले आहे की येत्या माघात पुन्हा येऊ. आमची दक्षिणा एकच, त्या दिवशी सकाळी साऱ्या गावाने जाळरेषा काढावी. कोयता घेऊन आम्हीही येऊ. आबा, तुम्ही पोरांबरोबर पुढे व्हा. कीर्तन रात्री करू.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!