दाढ दुखतेय, हे कोण सांगणार?

शिरूरच्या एखाद्या घरातला सव्वीस वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आणा. मुलगाच म्हणायचं, कारण घरात अजून तसंच म्हणतात. बोलणं चार-पाच शब्दांचं. पंधरा दिवस झाले, तो उजव्या गालावर बुक्क्या मारतोय. भाकरी बाजूला सारून नुसता वरणभात गिळतोय. रात्री दोनला उठून अंगणात फेऱ्या घालतोय. आई म्हणते, अमावस्या जवळ आली की असंच होतं. शेजारीण बाहेरचं बघायला सांगते. डॉक्टर जुन्या कागदावरचा 'ऑटिझम', म्हणजे स्वमग्नता, हा शब्द वाचतात आणि शांत राहण्याची गोळी वाढवून देतात.

तोंड उघडायला लावून दाढ मात्र कुणी पाहिलेली नसते.

हा मुलगा कल्पनेतला, पण ही चूक जगभरच्या दवाखान्यांत होते. स्वमग्न माणसाचं दुखणं त्याचा स्वभाव समजून सोडून दिलं जातं. खरं तर स्वमग्नतेसोबत शरीराच्या तक्रारी बऱ्याच येतात: फिट, जुनाट बद्धकोष्ठता, तुटक झोप, सततची धास्ती, नैराश्य. काहींची पहिली फिट तर वयात येताना येते. त्यात आतली खबरच नीट लागत नाही. भूक लागलीय की पोट दुखतंय, छातीत धडधडतंय ते भीतीनं की तापानं, हे अनेकांना वेगळं ओळखता येत नाही. ज्यांना ओळखता येतं, त्यांच्याकडे कधी शब्द नसतात.

शब्द असले तरी वाट सोपी नसते. पशुविज्ञानाच्या प्राध्यापक टेंपल ग्रँडिन बोलतात, लिहितात, व्याख्यानं देतात; तरीही तरुणपणी भीतीचे झटके आणि आतड्यांची सूज यांनी त्यांना बेजार केलं होतं. औषधाच्या लहान डोसानं आराम पडला, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. मनाची धास्ती आणि पोटाची तक्रार एकमेकींना इतक्या चिकटलेल्या असतात.

स्वीडनमधल्या संशोधकांनी 27,122 स्वमग्न व्यक्तींच्या नोंदी तपासल्या. 2016 मध्ये आलेल्या त्या अभ्यासानुसार, 1987 ते 2009 या काळात त्यांच्यातले जे दगावले, त्यांचं मृत्यूसमयीचं सरासरी वय सुमारे 54 होतं. तुलनेतल्या इतर लोकांचं 70. बौद्धिक अक्षमताही असलेल्यांचं तर 40 च्या आसपास. हे आयुर्मान नव्हे, मेलेल्यांच्या वयाची सरासरी आहे, हे लक्षात ठेवूनही आकडा काळजात रुततो. यातलं प्रत्येक मरण अटळ होतं, असं मानायला मन तयार होत नाही.

आपल्याकडे 1995 च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचं नावही नव्हतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं ते घेतलं, 2016 च्या दिव्यांग कायद्यानं 21 प्रकारांत बसवलं. न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमाही आहे. पण मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी थांबतो. दिव्यांग प्रमाणपत्रासाठीच्या स्वमग्नतेच्या चाचणीत 40 मुद्दे; ते वागणं, बोलणं, संवेदना मोजतात. पोट साफ होतं का, दात किडलेत का, हा त्या चाचणीचा विषयच नाही. मग अठरानंतर हे विचारायचं कुणी?

दौंडहून किंवा शिरूरहून पुण्याला तज्ज्ञाकडे जायचं तर सत्तर-ऐंशी किलोमीटर. दौंड जंक्शनवर एकामागून एक घोषणा, डोक्यावर भोंगा, फलाटावर रेटारेटी. मग ओपीडीची रांग, गुणगुणणारी ट्यूबलाइट, आणि शेवटी दंडाभोवती आवळत जाणारा ब्लड प्रेशरचा पट्टा. मुलगा हिसडा मारतो, पट्टा सुटतो, तपासणी राहून जाते. शांत करणाऱ्या रिस्पेरिडोनसारख्या गोळीनं भूक आणि वजन वाढतं, म्हणून वजन आणि साखर अधूनमधून पाहावी लागते. ते तरी तालुक्यातच व्हायला हवं.

लहान गावाचं एक बळ मात्र असतं. 1943 मध्ये अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी पहिल्यांदा ज्या स्वमग्न मुलांचं वर्णन केलं, त्यांतला पहिला डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपीतल्या फॉरेस्ट या छोट्या गावात तो राहिला, बँकेत नोकरी केली, 2023 मध्ये 89 व्या वर्षी वारला. घरची सुबत्ता होती, हे खरंच. पण सगळं गाव त्याला ओळखत होतं, हेही तितकंच खरं. दौंड तालुक्यातल्या केडगावलाही पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशननं जगाला नकोशा झालेल्या मोठ्या बायकांना घर दिलं, अंध बायकांना ब्रेल शिकवली. मोठ्या माणसालाही सांभाळावं लागतं, हे या मातीला नवं नाही.

तालुक्याचा डॉक्टर आणि आई, एवढ्या दोघांवर बरंच जमतं. सकाळचा पहिला नंबर. बाहेर रिक्षात थांबायची मुभा. पट्टा आधी आईच्या दंडाला बांधून दाखवायचा. आणि घरात एक शाळकरी वही, रोज दोन ओळींची. उदाहरणार्थ: मंगळवार, शौचाला नाही, आज तिसरा दिवस, झोप तीन तास. बुधवार, उजव्या गालाला हात लावू देत नाही, गार पाणी नको म्हणतो.

बुधवारची ओळ वाचून डॉक्टर टॉर्च हातात घेतात.