मीठ कमी आहे

बायकोला ऑफिसातून यायला उशीर होणार, म्हणून माझ्या भाच्याने वरणभात केला. लग्नाला अजून वर्षही झालेलं नाही आणि गॅसशी त्याची ओळख चहापुरती. ती जेवायला बसली, पहिल्याच घासाला म्हणाली, ‘मीठ कमी आहे रे,’ आणि मिठाची बरणी पुढे ओढून पोटभर जेवली. परवा एका बारशाला ही हकीकत निघाली, तर सगळ्यांनी तिलाच धारेवर धरलं. इतक्या प्रेमाने केलं होतं त्याने, गोड मानून खायचं! तेव्हापासून ते ‘गोड मानून’ माझ्या डोक्यातून जात नाही.

बाईने रोज रांधायचं आणि पुरुषाने एकदा केलं की त्याचा सोहळा, हे काही नव्याने सांगायला नको. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यावरची रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषांची ९७.

मला राग आहे तो ‘वरणभातच ना, त्यात काय!’ याचा. आमटीत वाटण असतं, आमसूल असतं, फोडणी असते. चूक लपायला जागा पुष्कळ. साध्या वरणात तूरडाळ, हळद, हिंग, मीठ, फार तर गुळाचा खडा. डाळ जुनी असली तर नेहमीच्या शिट्ट्या होऊनही दाणा बोटाखाली कणीदार लागतो. घोटायचा कंटाळा केला की भातावर वाढताक्षणी पाणी ताटभर पळतं आणि डाळ जागच्या जागी बसते. नवशिक्याला हात बसवायला मी मसालेदार उसळ सांगेन, वरण नाही.

कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि त्यांनी सगळी मापं वाटी-चमच्यात बसवून दिली. आईला विचारायची सोय नसलेल्या कितीतरी जणांना त्या पुस्तकाने जेवू घातलं, त्याबद्दल मला फार आदर आहे. पण समोर बसलेल्या माणसाला किती मीठ लागतं, हे पुस्तकाने कसं सांगावं? ते त्या माणसानेच सांगायचं.

मी मुळात भाच्याच्या बाजूचा. तिने तेवढं जेवण होऊ द्यायचं, सकाळी सांगायचं, असं मलाही वाटत होतं. पण चव तोंडात असते तेव्हाच कळते. सकाळच्या चहाबरोबर कालच्या वरणाचं मीठ कसं समजावणार? आणि ती गप्प बसली असती तर पुढच्या वेळीही तेवढंच मीठ पडलं असतं. मग एक दिवस तिने हळूच डाव आपल्या हातात घेतला असता. कितीतरी घरांत असंच झालेलं आहे. नवऱ्याचं कौतुक झालं, की त्याचा स्वयंपाक तिथेच संपतो. सुनेची पहिली पोळी जाड झाली तेव्हा गोड मानून खा, असं कोणी म्हटलं होतं? तिला पोळी करायला शिकायचंच आहे, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. भाच्याच्या बाबतीत ते प्रथमच कोणी धरलं असेल तर त्याच्या बायकोने. बारशातली मंडळी त्याच्यावर माया करत होती, पण त्याच्याकडून अपेक्षा एकट्या तिने ठेवली.

इथवर आल्यावर मला भाच्याची बाजूही पुरती घेववत नाही. पदार्थ येणं वेगळं आणि स्वयंपाक येणं वेगळं. उद्या मीठ नेमकं पडलं तरी त्याला वरण आलं, एवढंच. तूरडाळीचा डबा तळाला गेलाय हे कोणाच्या लक्षात आलं होतं? उरलेला भात सकाळी फोडणीला टाकायचा, हे कोणी ठरवलं? त्याला परवा मटकीची उसळ करायची असेल, तर मटकी आज रात्री भिजत पडली पाहिजे, उद्या सकाळी उपसून फडक्यात बांधली पाहिजे आणि यातल्या कशाचीही आठवण तिने करून देता कामा नये.