काय हवे ते सांगा, वाट सांगू नका

१९७३ सालचा ट्युरिंग पुरस्कार चार्ल्स बॅकमन यांना मिळाला. पुरस्काराच्या व्याख्यानात त्यांनी प्रोग्रॅमरला दर्यावर्दी म्हटले. साठवलेल्या माहितीत एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीवर, दुव्यामागून दुवा धरत वाट काढणारा तो नाविक. बॅकमन यांना या चित्राचा अभिमान होता आणि तो रास्तच होता. साठच्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये त्यांनी उभारलेली माहिती साठवण्याची प्रणाली ही खरोखर मोठी झेप होती. पण तीन वर्षे आधी, जून १९७० मध्ये, आयबीएमच्या सॅन होझे प्रयोगशाळेतल्या एका गणितज्ञाने या नाविकाची गरजच संपवू पाहणारा निबंध प्रसिद्ध केला होता. एडगर कॉड त्यांचे नाव. आज एखाद्या वाचनालयाचे, क्लासचे किंवा गृहनिर्माण सोसायटीचे छोटे वेब ॲप लिहायला बसणारा माणूस टेबले आखताना या दोघांपैकी एकाची बाजू घेतच असतो, मग ही नावे त्याने ऐकलेली असोत वा नसोत.

कॉड यांची तक्रार समजून घ्यायला त्यांनीच दिलेले उदाहरण पुरते. त्या काळी आयबीएमची आयएमएस ही प्रणाली नवी होती. अपोलो मोहिमेतल्या असंख्य सुट्या भागांचा हिशेब ठेवण्याच्या गरजेतून ती घडली होती आणि तिच्यात माहिती झाडाच्या आकारात रचलेली असे. कॉड यांनी सुटे भाग आणि प्रकल्प एवढीच माहिती घेतली आणि ती रचण्याच्या पाच पद्धती मांडल्या. कुठे प्रकल्प भागांच्या खाली, कुठे भाग प्रकल्पांच्या खाली, कुठे दोघांना जोडणारी नोंद वेगळी. मग त्यांनी विचारले, अमुक प्रकल्पाला लागणारे भाग छापायचे आहेत, तर एका रचनेसाठी लिहिलेला प्रोग्रॅम बाकीच्या चार रचनांवर चालेल का? त्यांचे उत्तर होते की निदान तीन रचनांवर तो कोसळेल. माहिती तीच, प्रश्न तोच. बदलली ती फक्त वाट. तरी प्रोग्रॅम नव्याने लिहावा लागणार.

कॉड यांनी सुचवलेला उपाय आज इतका अंगवळणी पडला आहे की त्यातले धाडस जाणवत नाही. सगळी माहिती टेबलांत ठेवायची, एका ओळीत एक विधान. दोन टेबलांना जोडायचे ते लपलेल्या दुव्यांनी नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या मूल्यांनी. देवघेवीच्या नोंदीत सभासद क्रमांक ४१२ असेल आणि सभासदांच्या टेबलात ४१२ क्रमांकाची ओळ असेल, तर नाते जुळले. नोंद डिस्कवर कुठे आहे, कुठल्या क्रमाने आहे, याच्याशी प्रश्न विचारणाऱ्याला कर्तव्य नाही. त्याने काय हवे ते सांगावे, ते शोधायची वाट यंत्राने काढावी.

डोनाल्ड चेंबरलिन हे आयबीएममधले तरुण संशोधक जुन्या पद्धतीत मुरलेले होते. कॉड यांच्या एका व्याख्यानाला ते गेले आणि आपल्या पद्धतीत पाच पाने प्रोग्रॅम लागणारे प्रश्न हा माणूस एकेका ओळीत लिहितो आहे हे त्यांनी पाहिले. ही आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे. मात्र कॉड यांची भाषा गणिताची होती आणि सामान्य माणसाला ती झेपणारी नव्हती. म्हणून चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये साध्या इंग्रजी शब्दांवर बेतलेली भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली. बॉइस यांना तिचे यश पाहायला मिळाले नाही. त्याच वर्षी ऐन तारुण्यात त्यांचे निधन झाले.

आक्षेप होते आणि ते पोकळ नव्हते. वाट माणसाने सांगितली नाही तर यंत्र ती शोधणार कशी, आणि शोधली तरी किती वेळ घेणार? १९७४ मध्ये ॲन आर्बर इथल्या परिषदेत कॉड आणि बॅकमन समोरासमोर आले, तेव्हा वाद याच मुद्द्यावर होता. त्याचे उत्तर भाषणांनी मिळण्यासारखे नव्हते. आयबीएमच्या 'सिस्टिम आर' प्रकल्पात पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी काम करून ते दिले आणि १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. टेबलात किती ओळी आहेत, कोणत्या रकान्यावर इंडेक्स, म्हणजे शोध झटपट करणारी सूची, आहे, एखाद्या अटीत साधारण किती ओळी बसतील, यावरून प्रत्येक संभाव्य वाटेचा खर्च आधीच अंदाजायचा आणि स्वस्त वाट निवडायची. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी बोइंगमध्ये शोधलेली बी-ट्री ही इंडेक्सची रचना तोवर हाताशी होतीच. या कल्पनेच्या इतिहासात कॉड यांच्याइतकेच मोठे श्रेय सेलिंजर यांना द्यायला हवे. त्यांच्या कामाविना कॉड यांचा निबंध सुंदर गणित म्हणूनच राहिला असता.

पुढचा व्यापारी इतिहास झरझर घडला. १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आले, १९८३ मध्ये आयबीएमचे डीबीटू, १९८६ मध्ये एसक्यूएलचे अमेरिकी प्रमाणीकरण. बर्कलेमध्ये मायकेल स्टोनब्रेकर यांच्या प्रकल्पांतून आजचे पोस्टग्रेसक्यूएल उगवले. कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार १९८१ मध्ये मिळाला.

आता कॉड यांच्या विचाराची दुसरी बाजू. कोणती माहिती कुठल्या टेबलात ठेवायची? वाचनालयाचेच उदाहरण घेऊ. नवखा माणूस सभासदांच्या टेबलात 'पुस्तक १' आणि 'पुस्तक २' असे रकाने करतो, कारण एका सभासदाला दोन पुस्तके मिळतात. तिसरे पुस्तक द्यायचे ठरले की टेबल बदलावे लागते. अमुक पुस्तक कोणाकडे आहे हे शोधायला दोन्ही रकाने चाळावे लागतात. मागच्या वर्षी ते कोणी नेले होते हे तर पुसलेच जाते. वाचनालयातल्या जुन्या माणसांना यातली मेख ठाऊक असते. त्यांच्या दाखल नोंदवहीत पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीला स्वतंत्र दाखल क्रमांक असतो, कारण 'श्यामची आई' हे पुस्तक एक आणि कपाटातल्या त्याच्या प्रती चार. म्हणजे टेबलेही तशीच हवीत: सभासद, पुस्तके, प्रती आणि देवघेव. देवघेवीतली एक ओळ म्हणजे एक प्रत एका सभासदाने एका तारखेला नेल्याची घटना. लेखकाचे नाव पुस्तकाजवळ एकदाच, पत्ता सभासदाजवळ एकदाच. सभासदाने घर बदलले तर एका जागी दुरुस्ती करायची.

नॉर्मलायझेशन म्हणतात ते हेच. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ते ए, बी, सी अशा अक्षरांच्या समीकरणांतून शिकावे लागते आणि परीक्षेनंतर ते विसरले जाते, ही खेदाची गोष्ट आहे. पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक एस. सुदर्शन सहलेखक असलेले डेटाबेसचे पाठ्यपुस्तक जगभर शिकवले जाते. त्यातली विद्यापीठाची टेबले शांतपणे वाचली तर हा विषय किती व्यवहारी आहे ते दिसते.

एकाच जागी ठेवायचे म्हणजे नेमके काय, इथे मात्र थांबून विचार लागतो. वर्गणी ५० रुपये होती, ती ६० झाली. पावतीच्या ओळीत रक्कम लिहावी, की दर दुसऱ्या टेबलातून घ्यावा? पावतीतच लिहावी. त्या दिवशी ५० रुपये घेतले हे वेगळे तथ्य आहे, आजच्या दराची ती प्रत नव्हे. याउलट प्रतीच्या टेबलात 'उपलब्ध: होय किंवा नाही' असा रकाना ठेवणे धोक्याचे. तेच सत्य देवघेवीतही असते, आणि परत तारीख रिकामी असलेली ओळ ते सांगते. दोन ठिकाणी लिहिलेले सत्य कधी ना कधी एकमेकांशी भांडते.

आणि एक प्रत एकाच वेळी दोघांना दिली जाऊ नये याची हमी कोण देणार? बहुतेक ॲपमध्ये कोड आधी तपासतो की प्रत आत आहे का, आणि मग नवी ओळ घालतो. दोन खिडक्यांवर दोघांनी एकाच क्षणी बटण दाबले तर दोघांनाही 'आहे' असे उत्तर मिळते आणि दोन ओळी पडतात. पोस्टग्रेसक्यूएल आणि एसक्यूलाइटमध्ये यावर एका ओळीचा इलाज आहे: परत तारीख रिकामी असलेल्या ओळींपुरताच प्रत क्रमांकावर युनिक इंडेक्स. मग दुसरी ओळ आत शिरतच नाही, कोड कोणीही, कसाही लिहिलेला असो. मायएसक्यूएलमध्ये अशा अर्धवट इंडेक्सची सोय नाही. तिथे काढलेल्या मूल्याचा जास्तीचा रकाना करून तेच साधावे लागते.

छोट्या वेब ॲपच्या जगात नेमकी हीच शिस्त हरवली, आणि त्याचे कारण ऐतिहासिक आहे. १९९५ मध्ये पीएचपी आणि मायएसक्यूएल दोन्ही आले. फुकट, वेगवान, शिकायला सोपे. या जोडीमुळे लाखो लोकांना स्वतःचे संकेतस्थळ उभे करता आले, हे उपकार मोठे आहेत. पण मायएसक्यूएलच्या ५.५ आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०१० पर्यंत, टेबल साठवण्याची मूळ पद्धत मायआयसॅम होती. तिच्यात ट्रान्झॅक्शन, म्हणजे अनेक बदल एकतर सगळे होतील नाहीतर एकही नाही अशी हमी, नव्हते. फॉरेन की, म्हणजे देवघेवीतला सभासद क्रमांक सभासदांच्या टेबलात असलाच पाहिजे असा नियम, लिहिली तर तक्रार होत नसे आणि अंमलबजावणीही होत नसे. एक अख्खी पिढी डेटाबेसकडे केवळ सामान ठेवायची खोली म्हणून पाहायला शिकली. नियम सगळे कोडमध्ये.

वर्डप्रेसमध्ये या काळाच्या खुणा अजून दिसतात. लेखांची जास्तीची माहिती 'पोस्टमेटा' टेबलात नाव आणि मूल्य अशा जोड्यांनी राहते आणि मूल्य नेहमी मजकूरच असते, मग ती तारीख असो की किंमत. वापरकर्त्याची भूमिका तर पीएचपीच्या आतल्या रूपात गुंडाळून एकाच रकान्यात ठेवलेली असते, त्यामुळे सगळे संपादक शोधायला मजकुरात तुकडा जुळवत बसावे लागते. हजारो प्लगइनना मोकळीक देण्यासाठी ही किंमत मोजली गेली आणि वर्डप्रेसच्या बाबतीत ती समजण्यासारखी आहे. पण वाचनालयाच्या ॲपला हजारो प्लगइन नसतात. त्याने ही रचना उचलण्यात फायदा काहीच नाही.

२००४ मध्ये रेल्स आणि पाठोपाठ जँगो ही वेब ॲप लिहिण्याची साधने आली. टेबलाची ओळ कोडमध्ये वस्तू म्हणून हाती येऊ लागली. काम सुखाचे झाले, आणि त्याच सुखातून बॅकमन यांचा नाविक मागच्या दाराने परत आला. बाहेर गेलेल्या १०० प्रतींची यादी दाखवायची, प्रत्येकीसमोर सभासदाचे नाव. कोड आधी यादी आणतो, मग एकेका ओळीवरून सभासदाकडे जातो. एका पानासाठी १०१ क्वेरी. दोन टेबले क्वेरीतच जोडणारा जॉइन वापरला तर एकच पुरते. संगणकावर दहा ओळी असताना फरक कळत नाही. वर्षभराने पान उघडायला वेळ लागू लागतो आणि दोष डेटाबेसच्या माथी मारला जातो. तिथेही एक बारकावा आहे. मायएसक्यूएलमध्ये मायआयसॅमच्या जागी आलेली इनोडीबी ही पद्धत फॉरेन कीसोबत इंडेक्स आपोआप बनवते. पोस्टग्रेसक्यूएल बनवत नाही, तो आपण करायचा. क्वेरीआधी 'एक्स्प्लेन' लिहिले की यंत्राने कोणती वाट निवडली हे ते स्वतःच दाखवते.

२००९ च्या सुमारास टेबलेच नकोत अशी लाट आली. गूगल आणि ॲमेझॉनच्या गरजा खऱ्या होत्या, छोट्या ॲपच्या त्या नव्हत्या. सभासदाच्या दस्तऐवजातच त्याने नेलेली पुस्तके कोंबली की सभासदाचे पान चटकन उघडते. पण 'ही प्रत कोणाकडे आहे' असे विचारताच कॉड यांचे १९७० चे झाड पुन्हा समोर उभे राहते. ज्या माहितीचा आकार खरोखर ठरलेला नसतो, तिच्यासाठी २०१४ पासून पोस्टग्रेसक्यूएलमध्ये जेसनबी रकाना आहे; टेबलांसोबत तो सुखाने नांदतो.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक इशारा. मायएसक्यूएलची आवृत्ती ८ येईपर्यंत मूळ अक्षरसंच लॅटिन होता. तशा टेबलात देवनागरी नाव गेले की अनेकदा प्रश्नचिन्हांची रांगच उरे, आणि ती परत अक्षरांत आणता येत नाही. लांबीचाही विचार हवा. 'ज्ञानेश्वर' या नावात युनिकोडची १० चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये ते ३० बाइट घेते. 'ऱ' तर दोन तऱ्हांनी साठवता येतो, एका चिन्हात किंवा र आणि नुक्ता मिळून. डोळ्यांना तो सारखाच दिसतो, पण शोधताना जुळेलच असे नाही. साठवण्याआधी मजकूर एकाच रूपात आणावा, आणि सभासदाची ओळख क्रमांकाने ठेवावी, नावाने नव्हे.

छोट्या ॲपला मोठा सर्व्हर लागत नाही. रिचर्ड हिप यांचे २००० सालचे एसक्यूलाइट एका फाइलमध्ये मावते आणि वाचनालयाच्या कामाला पुरून उरते. फक्त त्यात फॉरेन कीची तपासणी मुळात बंद असते, प्रत्येक जोडणीच्या वेळी ती चालू करावी लागते. ज्यांचे ॲप आज चालू आहे त्यांनी एक क्वेरी आजच चालवून पाहावी: देवघेवीच्या अशा ओळी, ज्यांचा सभासद क्रमांक सभासदांच्या टेबलात नाही. उत्तर शून्य आले तर लगेच फॉरेन की लावावी. शून्य आले नाही, तर त्या ओळींतली पुस्तके कोणाकडे आहेत याचा शोध आधी घ्यावा आणि मग ती लावावी.