संयमाचे श्रेय

मनुष्याच्या अंगावरील मेद पाहून त्याच्या स्वभावाविषयी मत बनवण्याची आपल्याला फार जुनी सवय आहे. सडपातळ मनुष्य मिताहारी, म्हणून संयमी. स्थूल मनुष्य खादाड, म्हणून आळशी. हे समीकरण इतके अंगवळणी पडले आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. आम्हांसही ती वाटली नव्हती. शासकीय सेवेत असताना याच समीकरणाच्या भरवशावर आम्ही एका माणसाविषयी लेखी मत नोंदवले. त्याची टोचणी अद्याप गेलेली नाही, आणि प्रस्तुत लेखाचे मूळ त्या टोचणीत आहे.

सुमारे तीस वर्षांपूर्वी माळव्यातील एका जिल्हा कार्यालयात आमच्या हाताखाली एक लिपिक होते. शरीराने अतिशय स्थूल. दर सोमवारी त्यांचा उपास असे, एरवीही डब्यात दोन पोळ्यांहून अधिक काही नसे. तरी कार्यालयात त्यांच्या भुकेवर विनोद चालत. आम्ही स्वतः ते विनोद करत नसू, परंतु ऐकून हसत असू. वर्षअखेरीस त्यांच्या गोपनीय अहवालात आम्ही लिहिले, ‘कामात अचूक, परंतु सुस्त, आत्मसंयमाचा अभाव.’ ‘अचूक’ हा शब्द आम्ही त्यांच्या नोंदवह्या पाहून लिहिला होता. उरलेले शब्द त्यांचे शरीर पाहून लिहिले होते. त्या वर्षी त्यांची पदोन्नती लांबली.

पुढे निवृत्तीनंतरच्या वाचनात जे संशोधन समोर आले, त्याने हा अहवाल आम्हांस पुन्हा आठवायला लावला. अमेरिकेच्या मेन राज्यात बार हार्बर या समुद्रकाठच्या गावी जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तेथे १९४९ मध्ये उंदरांच्या एका वंशात विलक्षण लठ्ठ पिले निपजली. ती सतत खात, फार थोडी हालचाल करत आणि वाढून सामान्य उंदराच्या तिप्पट वजनाची होत. १९६०च्या दशकात तेथेच लठ्ठपणा व मधुमेह एकत्र असलेला दुसरा वंश आढळला. डग्लस कोलमन या जीवरसायनशास्त्रज्ञांनी दोन उंदरांचे रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने एकमेकांस जोडून पाहिले. दुसऱ्या वंशातील लठ्ठ उंदराला निरोगी उंदीर जोडला, तेव्हा त्या निरोगी उंदराने अन्न सोडले आणि तो उपासमारीने मेला. पहिल्या वंशातील लठ्ठ उंदराला निरोगी उंदीर जोडला, तेव्हा मात्र लठ्ठ उंदराचे खाणे कमी झाले. कोलमन यांनी यावरून तर्क केला की तृप्तीचा निरोप रक्तातून वाहत असला पाहिजे. पहिल्या वंशात तो निरोप तयारच होत नाही; दुसऱ्यात तो मुबलक तयार होतो, पण ऐकला जात नाही.

हा निरोप म्हणजे नेमके काय, हे शोधण्यास न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन यांनी सुमारे आठ वर्षे खर्ची घातली. फ्रीडमन मूळचे वैद्यकाचे पदवीधर, पुढे रेण्वीय जीवशास्त्राकडे वळलेले. १९९४च्या डिसेंबरात त्यांच्या गटाने ते जनुक प्रसिद्ध केले. त्यातून घडणाऱ्या प्रथिनाला ‘कृश’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून लेप्टिन हे नाव मिळाले. नवल असे की हे प्रथिन मेदपेशीच निर्माण करतात. ज्या मेदाला आपण शरीरातील निर्जीव साठा समजत होतो, तो मेंदूला ‘साठा पुरेसा आहे’ असे सतत कळवत असतो. ही वर्दी थांबली की भरल्या कोठारातही मेंदूला दुष्काळ भासतो.

हे केवळ उंदरांपुरते राहिले नाही. १९९७ मध्ये केंब्रिज येथील स्टीफन ओ’राहिली व सदफ फारूकी यांच्या गटाने एकाच कुटुंबातील दोन मुलांविषयी लिहिले. आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो, तर दोन वर्षांच्या मुलाचे २९ किलो होते. दोघांच्याही शरीरात जनुकातील दोषामुळे लेप्टिन जवळजवळ नव्हते. मुलीला रोज लेप्टिनचे इंजेक्शन देण्यास आरंभ झाल्यावर तिची भूक शमली आणि वर्षभरात तिचे वजन १६ किलोंहून अधिक उतरले.

येथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. इंजेक्शनापूर्वी ही मुलगी हावरट होती आणि नंतर संयमी झाली, असे म्हणावे काय? तिचे चारित्र्य होते तेच होते; भर पडली ती एका प्रथिनाची. मग आमच्यासारखे जे जन्मतः हे प्रथिन घेऊन येतात आणि चार घासांनी तृप्त होतात, त्यांनी आपल्या मिताहाराचे श्रेय कोणत्या हक्काने घ्यावे?

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की अशी मुले अत्यंत विरळा. बहुतेक स्थूल माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूर असते आणि बाहेरून अधिक दिल्याने त्यांना फारसा लाभ होत नाही. हे खरे आहे. परंतु कोलमन यांच्या दुसऱ्या वंशातही निरोप मुबलकच होता. निरोप असणे आणि तो ऐकला जाणे या भिन्न गोष्टी आहेत. स्वीडनमधील वेगवेगळ्या घरी वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही उंचीच्या मानाने वजन किती हे ठरण्यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आढळला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दोन पिढ्यांत माणसाची जनुके बदललेली नाहीत, तरी घरोघर मधुमेह वाढला. म्हणजे दोष आचरणाचाच ना? आम्हांस वाटते, आचरण बदलले ते एकट्यादुकट्याच्या दुर्गुणाने नव्हे. कष्ट यंत्रांकडे गेले, काम खुर्चीत आले, तेल व साखर स्वस्त झाली. या पालटाचा भार सर्वांवर पडला. कोणाच्या शरीराने तो पेलला, कोणाच्या नाही. मनुष्य आपल्या प्रयत्नाला जबाबदार आहे, हे आम्ही नाकारत नाही. परंतु प्रयत्न बाहेरून दिसत नाही. दिसतो तो परिणाम, आणि परिणामावरून प्रयत्न मोजणारा बहुधा चुकतो.

याचा दाखला आम्हांस स्वतःच्याच शरीरात मिळाला. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी आमच्या रक्तात साखर निघाली. आमची देहयष्टी आजन्म किरकोळ, विश्वास बसेना. डॉक्टरांनी पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कार्याची ओळख करून दिली. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात याज्ञिक यांनी लंडनचे जॉन युडकिन यांच्यासमवेत दोघांचे एकत्र छायाचित्र छापले. उंची व वजनाच्या हिशेबाने दोघांचा निर्देशांक एकच, २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद सुमारे ९ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात सुमारे २१ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांतील नवजात बालकांतही त्यांच्या गटाला हेच आढळले: इंग्लंडमधील बालकांहून वजनाने हलकी, पण त्या मानाने मेद राखून असलेली.

आमचा मधुमेह ऐकून आप्तांनी हळहळून ‘दैव’ म्हटले. असंयम कोणी म्हटले नाही. आमच्या थोरल्या वहिनी देहाने स्थूल आहेत. त्यांना हाच विकार जडला, तेव्हा याच आप्तांनी त्यांच्या ताटातील भाताचा हिशेब मांडला होता. २०२५ पासून भारतातही लठ्ठपणासाठी भूक मंदावणारी इंजेक्शने मिळू लागली आहेत. ती घेणाऱ्यास ‘आयता मार्ग’ म्हणून हिणवणारे, आम्ही सकाळ-संध्याकाळ घेत असलेल्या गोळीस औषध म्हणतात.

गेल्या दिवाळीत त्या लिपिक महाशयांच्या घरी जाऊन आम्ही आमची चूक सांगितली. ते म्हणाले, “साहेब, तो शेरा मला तेव्हाच कळवला होता. निवेदन करायला मुदतही होती. पण निवेदनाला काय जोडायचं? स्टेशनवरच्या काट्याचं तिकीट?” मग त्यांनी आतून चहा मागवला आणि आमचा बिनसाखरेचा करण्यास आठवणीने सांगितले.

त्या अहवालातील वाक्य आता खोडता येणार नाही. परंतु घरात, पंक्तीत, लग्न जुळवताना असे शेरे आपण रोज मारत असतो, आणि त्यांवर निवेदन करण्याची सोय समोरच्याला नसते. निदान ते शेरे आवरणे तरी आपल्या हाती आहे. या संयमाचे श्रेय मात्र ज्याने त्याने खुशाल घ्यावे.