रुमालाची साक्ष

मी कामथडीची. शाळा दुसऱ्या गावी आहे, उर्दू माध्यमाची. तिथे नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. मागच्या वर्षी एका मोकळ्या तासाला मुलींना शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'ची गोष्ट सांगितली. शेवट ऐकून वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, "टीचर, उने पैले कॅसिओ को कायकू नई पूछ्या?"

हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

शेक्सपिअर १५६४ साली इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्ड गावी जन्मला. वडील हातमोजे शिवायचे. मुलगा विद्यापीठात गेला नाही. लंडनला जाऊन नट झाला, नाटके आणि कविता लिहू लागला आणि १६१६ साली आपल्या गावीच वारला. 'ऑथेल्लो'चा दरबारातला प्रयोग १६०४ सालचा. त्याआधी चारच वर्षे, १६०० साली, मोरोक्कोच्या सुलतानाचा वकील एलिझाबेथ राणीकडे येऊन काही महिने राहिला होता. म्हणजे मूर माणूस लंडनला अगदीच अनोळखी नव्हता. नाटकाची कथा चिंथिओ या इटालियन लेखकाची. तिच्यात मूराला नावसुद्धा नाही. शेक्सपिअरने त्याला नाव दिले, मोठेपण दिले आणि त्याची चूकही झाकली नाही.

आपल्याकडे महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली 'ऑथेल्लो' मराठीत आणला. पुढे देवलांनी त्याचा 'झुंझारराव' केला. २००६ साली हिंदी पडद्यावर 'ओंकारा' आला, तेव्हा रुमालाच्या जागी कमरबंद आला. माणसांची नावे बदलली, पोशाख बदलले. संशय मात्र कुठल्याच भाषेत परका वाटला नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. ऑथेल्लो व्हेनिसचा सेनापती. मूर, काळा, ख्रिस्ती झालेला, तरी परकाच. लढाईला तो हवा, पण त्याने डेस्डिमोनाशी लग्न केले तेव्हा तिच्या बापाने भर सभेत त्याच्यावर जादूटोण्याचा आरोप केला. त्याच्याच हाताखालचा इयागो त्याच्या कानात विष ओततो : तुझी बायको कॅसिओवर भाळली आहे. ऑथेल्लोने तिला दिलेला पहिला नजराणा म्हणजे एक रुमाल. तो तिच्या हातून पडतो, इयागो तो कॅसिओच्या खोलीत टाकतो, आणि तोच रुमाल पुरावा ठरतो. ऑथेल्लो बायकोचा जीव घेतो.

आपण हे वाचतो तेव्हा मन आधी ऑथेल्लोकडे ओढले जाते. आपल्या निष्ठेचा दाखला पुन्हा पुन्हा मागितला जाणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. इयागोने नेमकी तीच दुखरी जागा धरली. तू परका, या लोकांच्या बायका तुला काय कळणार, असे त्याने सुचवले आणि ऑथेल्लोला ते पटले. जग आपल्याविषयी जे बोलते ते एक दिवस आपणही खरे मानू लागतो.

पण इथेच थांबले पाहिजे. बाहेर आपल्यावर अन्याय झाला म्हणून घरात अन्याय करण्याचा परवाना मिळत नाही. ऑथेल्लोने चौकशी केलीच नाही असेही नाही. बायकोला विचारले, तिच्या सोबतिणीला, एमिलियाला विचारले. पण निकाल मनात लिहून ठेवून विचारले. रुमाल तुझ्याकडे कसा आला, हे कॅसिओला त्याने विचारले ते डेस्डिमोना मेल्यावर. उत्तर एका वाक्यात मिळाले : खोलीत पडलेला सापडला.

पाकदामन स्त्रीवर तोहमत घेणाऱ्याने चार साक्षीदार आणावेत, असा आपल्याकडे हुकूम आहे. खबर आली तर आधी तिची शहानिशा करा, असेही सांगितले आहे. हे आपल्याला पाठ असते. मोहल्ल्यात मात्र चार साक्षीदारांऐवजी एकाची नजर पुरते.

आता माझे सांगते. सात-आठ वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीला मीच प्रश्नपत्रिका देऊन झेरॉक्सच्या दुकानात पाठवले. लाइट गेली होती, म्हणून ती तिथे अर्धा तास थांबली. कुणीतरी तिला दुकानातल्या पोराशी बोलताना पाहिले. दोन दिवसांत गोष्ट मोठी झाली. स्टाफरूममध्येही चर्चा झाली. मी वहीत डोके घालून बसले. शाळेच्या वेळेत मुलीला बाहेर का पाठवले, असे मलाच विचारतील ही भीती होती. तिच्या वडिलांनी तिचे नाव काढले. महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेले आणि सगळे सांगितले. ते ऐकून घेत राहिले. मग एवढेच म्हणाले, "टीचर, हे तेव्हाच सांगायचं होतं." मुलीने पुढे १७ नंबरचा फॉर्म भरून घरूनच दहावी दिली, पास झाली. वर्गातला बाक मात्र तिला परत मिळाला नाही.

रुमाल उचलून नवऱ्याच्या हाती देणारी एमिलियाच होती. डेस्डिमोनाने तिला विचारले, रुमाल कुठे गेला असेल? ती म्हणाली, ठाऊक नाही. शेवटी तिने खरे सांगितले, जिवावर उदार होऊन सांगितले. पण तोवर उशीर झाला होता. नाटक वाचताना मी इयागोवर चिडत असे, ऑथेल्लोची कीव करत असे. आता नजर एमिलियावर थांबते. संशयाला इयागो जन्म देतो, पण तो जगतो खरे ठाऊक असलेल्या माणसांच्या गप्प बसण्यावर.

त्या मुलीला मी उत्तर दिले होते, "विचारलं असतं तर खरं कळलं असतं, आणि त्याला ते ऐकायचं नव्हतं." घरी येताना एसटीत वाटले, उत्तर अर्धेच दिले. दुसऱ्या दिवशी वर्गात एमिलियाची गोष्ट पुन्हा सांगितली आणि तिच्यामागोमाग झेरॉक्सच्या दुकानाचीही, त्या मुलीचे नाव न घेता. माझे नाव मात्र घेतले.