मेजर, तुमी लढाई केली का?

आमच्या भागातल्या एका गावी झेंडावंदनाला माजी सैनिकांचा सत्कार ठेवला होता. शाल, नारळ, फेटा. माझे चुलते (आम्ही त्यांना तात्या म्हणतो) सास्तूरहून मुद्दाम गेले. इस्त्रीचा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट. यादी वाचणारा त्यांच्या नावापाशी थांबला आणि माईकवरच विचारता झाला, "मेजर, तुमी लढाई केली का?" तात्या म्हणाले, "नाही. सतरा वर्षं राशन डेपोत होतो." मंडपात कुणीतरी हसलं. "म्हंजी फौजेतला गोदामवाला!" तात्यांचं नाव खाली सरकलं. त्यांची पाळी आली तवा शाल संपल्या होत्या. नारळ मिळाला.

घरी येऊन तात्या काही बोलले नाहीत. मी मात्र त्या प्रश्नापाशी अडकलो. टिंगल बाजूला ठेवू आणि प्रश्न सरळ घेऊ. ज्यानं वर्दी घातली, पण ज्याच्यावर गोळी झाडली गेली नाही आणि ज्यानं कुणावर झाडली नाही, त्याला माजी सैनिक म्हणावं का?

तात्या १९७३ साली भरती झाले. एकाहत्तरची लढाई होऊन गेली होती. १९८७ साली फौज श्रीलंकेत गेली, त्यांची तुकडी गेली नाही. १९९० ला ते पेन्शनवर आले. कारगिल झालं १९९९ साली. युद्ध तात्यांच्या मागंपुढं झालं, त्यांच्या वाट्याला आलं नाही. यात तात्यांचा काय गुन्हा? भरतीच्या वेळी शिपाई शपथ घेतो, की जमिनीवर, समुद्रावर, हवेत, जिथं हुकूम होईल तिथं जाईन, जिवाला धोका असला तरी जाईन. मी अमुक ठिकाणी जाईन आणि तमुक ठिकाणी जाणार नाही, हे म्हणायचा हक्क तो त्या दिवशी सोडून देतो. माणूस देतो ते हेच. पुढं त्याला बर्फात पाठवायचं की आट्याच्या पोत्यांपाशी उभं करायचं, हे दुसरा ठरवतो. दुसऱ्यानं ठरवलेल्या गोष्टीवरून याची किंमत करायची, हा कुठला न्याय?

दोस्तहो, आपल्याला हे समजायला पुस्तक लागत नाही. आपले आजे-पणजे वेसकर होते. रात्रभर वेशीत उभे राहायचे. चोर आला नाही त्या रात्रीचं जागरण फुकट गेलं, असं म्हणता येईल का? चोर आला नाही, कारण कुणीतरी जागं होतं. ती वेसकरकी गुलामीच होती, मी तिचं कौतुक करत नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतनाविरुद्ध बिल आणलं ते उगीच नव्हे. पण पहारा हेच काम असतं, एवढं त्या जागरणातून आपण शिकलोय.

आता "लढाई केली का" हा प्रश्न आपल्याला पहिल्यांदाच विचारला जातोय असं नाही. इंग्रजांनी कंपनीच्या काळात आपल्या लोकांना पलटणीत घेतलं. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात आपले लोक मेले. त्या खांबावरच्या ४९ नावांत २२ नावं 'नाक' लावलेली आहेत. पुढं इंग्रजांनी 'लढवय्या जाती' नावाचं थोतांड काढलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची भरती बंद केली. कारण काय, तर हे लढवय्ये नाहीत. मग भरती नाही म्हणून लढाई नाही, आणि लढाई नाही म्हणून लढवय्ये नाहीत. गोल फिरणारा जातीचा चरका. गोपाळबाबा वलंगकर स्वतः पेन्शनर, त्यांनी अर्ज केले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्याकडं दाद मागितली. १९१७ साली, महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा, १११ महार पलटण उभी केली आणि १९२१ ला मोडली. दुसरं महायुद्ध आलं. बाबासाहेब १९४१ साली व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.

म्हणजे गरज असली की शिपाई, गरज सरली की तुमी लढला कुठं? मंडपातल्या त्या माईकवाल्याला हा इतिहास ठाऊक नसेल. पण प्रश्न त्याच कुळातला आहे.

अमेरिकेतल्या काळ्या सैनिकांचंही असंच. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्यातल्या बहुतेकांना लढाऊ तुकड्यांत घेतलंच नाही. रस्ते बांधा, ओझी उचला, गाड्या हाका. १९४४ साली फ्रान्समध्ये 'रेड बॉल एक्सप्रेस' नावाची मालट्रकांची रांग रात्रंदिवस पेट्रोल, दारूगोळा आणि अन्न पुढं नेत होती. तिचे पाऊण ड्रायव्हर काळे होते. आधी बंदूक द्यायची नाही आणि मग बंदूक चालवली का म्हणून विचारायचं.

आणि आपल्या घरातलं बघा. रामजी सकपाळ यांची नोकरी बरीच वर्षं सैन्याच्या शाळेत गेली. महूला ते हेडमास्तर होते. फळा, खडू, पोरं. तरी आपण त्यांना सुभेदार म्हणतो, अभिमानानं म्हणतो. त्या फळ्यापाशी जे शिक्षण घडलं त्यातून काय उभं राहिलं ते मी सांगायची गरज नाही.

इथं थोडं आपल्याकडंही बोट दाखवावं लागेल. आपण दरसाल कोरेगावला जातो. जावंच. पण आपणही खांबावरच्या नावांपुढंच मान तुकवतो. पाणी वाहणारा, स्वयंपाक करणारा, जखमींना उचलणारा, मेलेल्यांना पुरणारा, यांची नावं कुठल्या दगडावर आहेत? राबणाऱ्याचं नाव लिहायचं नाही ही सवय या देशानं आपल्याच जिवावर लावून घेतली. तीच सवय आपण उचलायची का?

सास्तूरच्या माणसानं तर हा प्रश्न विचारूच नये. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बुडवले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदं झोपलेल्या माणसांवर बसली. त्या पट्ट्यात सरकारी आकड्यानंच साडेसात हजारांवर माणसं गेली. मग फौज आली. समोर दुश्मन नव्हता. कुजायला लागलेली मढी होती, पाऊस होता, वास होता. त्या जवानांनी दगड उपसले, माणसं काढली, सरणं रचली. तात्या तीन वर्षांपूर्वीच घरी आलेले. कुणी बोलावलं नाही तरी फावडं घेऊन त्यांच्यात जाऊन उभे राहिले. जवानांना हिंदीतून सांगायचे, हिकडं इतकी माणसं होती, तिकडं म्हातारी झोपायची. आम्ही त्या जवानांना विचारलं का, बाबांनो, तुम्ही लढाई केलीय का? मग दगडाला हात लावा?

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं. ज्याचा पाय सुरुंगात गेला, जिचा नवरा पेटीतून घरी आला, त्यांना आणि राशनवाल्याला एकाच रांगेत बसवायचं का? हे म्हणणं खोटं नाही. त्या बाईची खुर्ची पहिली असावी. तात्यांनाही ते मान्य आहे. पण त्यासाठी हिशेब वेगळे आहेतच. शौर्याला पदक वेगळं, जखमेला पेन्शन वेगळी, वीरपत्नीचा मान वेगळा. ते वाढवा. तिला मोठं करायला याचं नाव पुसावं लागत नाही.

कायद्यालाही हे कळलंय. केंद्र सरकारच्या १९७९ च्या नियमांत माजी सैनिक म्हणजे कोणत्याही हुद्द्यावर, लढाऊ असो की बिनलढाऊ, सेवा केलेला, असं लिहिलंय. अमेरिकेत वीस वर्षं राखीव दलात काढून निवृत्त झालेल्यालाही, केंद्राच्या सक्रिय सेवेत कधी बोलावलं नसेल, तर कायद्यानं 'व्हेटरन' म्हणत नव्हते. २०१६ साली ते नाव दिलं. पैसा दिला नाही, फक्त नाव दिलं. त्या नावासाठीही माणसं वर्षानुवर्षं भांडली. भाकरीइतकीच माणसाला नावाची भूक असते. ज्याला गावानं पिढ्यान् पिढ्या अरे-तुरे केलं, त्याला 'मेजर' या हाकेची किंमत विचारा.

पण कायदा नेहमी न्यायाच्याच बाजूला असतो असं समजू नका. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी शेकडा २५ पर्यंत पोरं ठेवायची, बाकीची घरी. घरी येणाऱ्याला पेन्शन नाही आणि माजी सैनिक हा दर्जाही नाही, अशी अट आहे. म्हणजे पोरगं सियाचीनवर उभं राहिलं तरी नाव नाही. तात्या गोदामात होते तरी त्यांना नाव आहे. मग गोळीचा हिशेब गेला कुठं? हिशेब गोळीचा नव्हताच. सरकार किती खर्च करायला तयार आहे, त्याचा होता. तात्यांना हसणारा आणि या पोरांना नाव न देणारा, दोघंही एकच चूक करतात. माणसानं काय देऊ केलं ते बघत नाहीत, त्यातलं किती वापरलं गेलं तेवढंच मोजतात.

मला वाटतं, नाव देऊ केलेल्याचं असावं. पैसा, पदक, जमीन यात कमीजास्त होऊ द्या, त्यावर भांडू. पण ज्यानं हुकमापुढं जीव ठेवला आणि इमानानं मुदत पुरी केली, तो शिपाई.

तात्यांना हे सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "एक राहिलं. डेपोत उंदरं लई होती. सतरा वर्षांत एकदा बी वर कमी राशन गेलं नाही." मी म्हणालो, लिहितो. लिहिलं.