मोर्चात आणखी एक माणूस

२१ सप्टेंबर २०१२ ला, शुक्रवारी, लिबियातल्या बेनगाझी शहरात सुमारे ३० हजार माणसं रस्त्यावर उतरली. शहर सहा-सात लाख वस्तीचं. दहाच दिवसांपूर्वी तिथल्या अमेरिकन कचेरीवर हल्ला होऊन राजदूत क्रिस स्टीव्हन्स आणि आणखी तीन अमेरिकन मारले गेले होते. मोर्चात त्यांच्याबद्दल हळहळ व्यक्त करणारे फलक होतेच, पण मुख्य मागणी घरची होती. शहरातल्या सशस्त्र टोळ्यांनी तळ सोडावेत आणि बंदुका पोलिसांच्या आणि लष्कराच्या हाती जाव्यात, अशी. संध्याकाळी जमाव अन्सार अल-शरियाच्या तळावर गेला आणि तिथली माणसं पळाली. रात्री दुसऱ्या एका टोळीच्या, म्हणजे रफाल्ला अल-सहातीच्या तळावर गोळ्या चालल्या आणि लोक मेले.

हे वाचल्यापासून मला एक प्रश्न सुटत नाही. या मोर्चाने निवेदन द्यायचं कुणाला?

आपल्याकडच्या मोर्चाला पत्ता असतो. कलेक्टर कचेरी, मंत्रालय, आझाद मैदान. शिष्टमंडळ आत जातं, कुणीतरी अधिकारी कागद घेतो, फोटो निघतो. त्या कागदाचं पुढे काय होतं हे सोडा. पण या सगळ्यामागे एक गृहीतक असतं की समोरचा आपल्याला बांधील आहे, निदान कागदावर तरी. त्याने लाठी चालवली तर चौकशी मागता येते, गोळी चालवली तर कोर्टात जाता येतं, पाच वर्षांनी मत देताना ते आठवता येतं. टोळीच्या बाबतीत यातलं काहीच लागू पडत नाही. तिने तुमच्याकडे कधी मत मागितलेलं नसतं. मग तिच्या दारात जाऊन उभं राहणं ही राजकीय कृती आहे, की नुसता वेडेपणा?

उत्तर शोधायचं तर या टोळ्या आल्या कुठून ते पाहावं लागतं. २०११ च्या फेब्रुवारीत गद्दाफीविरुद्ध उठाव झाला तो याच बेनगाझीत. लढायला फौज नव्हती, म्हणून गल्लीगल्लीतली पोरं, दुकानदार, विद्यार्थी, जुने कैदी असे सगळे तुकड्या करून लढले. ऑक्टोबरात गद्दाफी मारला गेला. आता बंदुका परत करा असं सांगणारं कुणीच उरलं नव्हतं. नव्या सरकारला पोलीस दल उभारायला वेळ हवा होता, म्हणून त्याने या तुकड्यांनाच पगारावर घेतलं. गृहखात्याखाली सर्वोच्च सुरक्षा समिती आणि संरक्षण खात्याखाली 'लिबिया शील्ड' अशी नावं दिली. पगार सुरू होताच क्रांतिकारकांची संख्या वाढली. यादीत नावं आली दोन लाखांच्या वर, आणि त्यातले प्रत्यक्ष लढलेले किती, हे तिथल्या कुणालाही विचारा. नव्या लोकांनी नव्या तुकड्या काढल्या, कारण तुकडी असेल तरच यादीत जागा.

माझ्या धंद्यात याला टेंपररी फिक्स म्हणतात. रात्री दोन वाजता सिस्टिम बंद पडली की काहीतरी लावून ती चालू करायची, 'नंतर नीट करू' अशी कॉमेंट टाकायची, आणि तीन वर्षांनी बघावं तर अख्खा डोलारा त्या फिक्सवर उभा. उपमा एवढीच पुरे, कारण कोडला स्वतःचे हितसंबंध नसतात. पगारी टोळीला असतात. २०१३ च्या एप्रिल-मे महिन्यांत सशस्त्र लोकांनी परराष्ट्र आणि न्याय या खात्यांच्या इमारतींना वेढा घातला आणि संसदेने त्यांना हवा तो कायदा मंजूर केला. ऑक्टोबरात तर पंतप्रधान अली झैदान यांनाच त्रिपोलीतल्या हॉटेलातून उचलून नेलं आणि काही तासांनी सोडलं. उचलणारे सरकारशी संलग्न म्हणवणारेच होते. कुंपण शेत खातं ही म्हण आपण भ्रष्ट अधिकाऱ्यापुरती वापरतो. इथे कुंपणाने शेताच्या मालकालाच कोंडलं होतं.

म्हणजे बेनगाझीच्या नागरिकापुढचा पेच साधा नव्हता. समोरच्या चौकीवर उभा असलेला मुलगा कालपरवापर्यंत त्याचा त्राता होता. टोळ्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा की आम्ही रक्त सांडलं म्हणून तुम्ही मोकळे झालात, आता आम्ही नको झालो का? याला सहज उडवून लावणाऱ्यांचं मला पटत नाही. कृतज्ञता हे खरंखुरं ऋण आहे. पण ऋण फेडायचं कसं हे ठरवायचा हक्क एकट्या धनकोला कसा असेल? माझा जीव वाचवणाऱ्याचा मी जन्मभर ऋणी राहीन, मात्र त्यापोटी माझ्या घराची किल्ली, माझ्या बहिणीच्या कपड्यांवरचा अधिकार आणि शेजाऱ्याला तुरुंगात टाकायची मुभा त्याला मिळत नाही.

शिवाय हिशेबाची वही जरा मागे उलटली तर वेगळीच नोंद सापडते. १९९६ मध्ये त्रिपोलीच्या अबू सलीम तुरुंगात बाराशेच्या आसपास कैदी मारले गेले. त्यांच्या आया, बहिणी, बायका बेनगाझीत फोटो घेऊन उभ्या राहत, उठावाच्या कितीतरी आधीपासून. २०११ चा उठाव पेटला तो याच कुटुंबांचे वकील फथी तेरबिल यांना अटक झाल्यावर. क्रांतीची सुरुवात करणाऱ्या या बायकांच्या हातात बंदूक नव्हती. ऋणच काढायचं तर बंदूकवाल्यांनीही त्यांचं थोडं देणं लागतं.

आता अवघड भाग. मोर्चा योग्य आहे हे मान्य केलं तरी मी का जावं? अर्थशास्त्रज्ञ मंकर ओल्सन यांनी १९६५ मध्ये मांडलेला मुद्दा इथे नेमका लागू पडतो. टोळ्या गेल्या तर फायदा सगळ्या शहराचा, घरी बसलेल्याचाही. गोळी लागली तर नुकसान माझं एकट्याचं. आणि ३० हजारांत मी नसलो तर कुणाला कळणारही नाही. शुद्ध हिशेबी माणूस घरी बसेल, आणि सगळे हिशेबी असले तर रस्ता रिकामा राहील.

याला एक उत्तर हिशेबातूनच मिळतं. दहा जण गेले तर जाईन म्हणणारा एक असतो, शंभरांनंतर निघणारा दुसरा, हजारांची वाट पाहणारा तिसरा. दहावा माणूस आला नाही तर शंभरावा कधीच निघत नाही. त्यामुळे माझं जाणं म्हणजे ३० हजारांतला एक इतकंच राहत नाही, माझ्या मागे अडलेल्यांची वाट त्याने मोकळी होऊ शकते. समाजशास्त्रात यावर गणिती मॉडेल्स आहेत आणि माझ्यासारख्या माणसाला ती मोहक वाटतात.

पण १५ नोव्हेंबर २०१३ पुढे हे मॉडेल अडखळतं. त्रिपोलीच्या घरघूर भागात मिस्राताच्या टोळीने ठाण मांडलं होतं. शुक्रवारच्या नमाजानंतर लोक पांढरी निशाणं घेऊन तिकडे चालत गेले. त्यांच्यावर जड शस्त्रांनी मारा झाला. चाळीसहून जास्त माणसं मेली, चारशेच्या वर जखमी झाली. त्याआधी जूनमध्ये बेनगाझीत लिबिया शील्डच्या तळासमोर तीसेक जण मेले होते. म्हणजे लोक खूप आले की टोळी गोळी चालवत नाही, असं नाही. परिणामांच्या भरवशावर जाणाऱ्याकडे मग त्या संध्याकाळी काय उरतं?

मला वाटतं, जाण्याचं एक कारण परिणामांवर उभं नाही. टोळी जे करते ते नेहमी कुणाच्या तरी नावाने करते: क्रांतीच्या, धर्माच्या, हुतात्म्यांच्या, जनतेच्या. चौकीवर कुणाला अडवून मारहाण होते तेव्हा त्या कागदावर माझीही सही आहे असं गृहीत धरलेलं असतं, कारण मी 'जनता' आहे आणि मी गप्प आहे. मोर्चात जाऊन मी ती सही मागे घेतो. टोळी हलली नाही तरी सही मागे घेतलेली असते. निवेदन कुणाला द्यायचं या प्रश्नाचंही उत्तर बहुधा इथेच आहे. त्या मोर्चाचा पत्ता टोळीच्या तळावरचा असला तरी तो बोलत होता एकमेकांशी. आपल्याला वाटतं तेवढे आपण एकटे नाही, हे शहराने शहराला सांगितलं.

मोर्चेकऱ्यांचं सगळंच मला मान्य नाही. २०१२ च्या त्या रात्री जमावाने तळात घुसून जाळपोळ केली, शस्त्रं पळवली. कायद्याचं राज्य मागणाऱ्या लोकांनी ते तसं मागावं, यातली विसंगती खुपते. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. 'टोळ्या नकोत, लष्कर हवं' ही घोषणा चांगली, पण लष्कर कुणाला बांधील, हे तिच्यात नव्हतं. मे २०१४ मध्ये खलिफा हफ्तार यांनी बेनगाझीत मोहीम उघडली तेव्हा ती रिकामी जागा त्यांनी भरली. 'फौज माझी' म्हणणाऱ्या माणसाला लोकांची ती मागणी आयती मिळाली. याचा दोष २०१२ च्या मोर्चेकऱ्यावर टाकणं अन्याय होईल. तरी रस्त्यावर उतरताना आपली मागणी उद्या कुणाच्या खिशात जाऊ शकते, एवढं त्याने विचारायला हवं होतं, असं मी इथे सुरक्षित बसून म्हणतो.

ही गोष्ट आपल्यापासून फार दूरची आहे असंही नाही. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये २००५ पासून सलवा जुडूम चालला. जेमतेम पाचवीपर्यंत शिकलेल्या आदिवासी पोरांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून मानधनावर बंदुका दिल्या गेल्या. ५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने नंदिनी सुंदर आणि इतरांच्या याचिकेवर हे घटनाबाह्य ठरवलं. त्यानंतर छत्तीसगडने कायदा करून सहाय्यक सशस्त्र दल काढलं आणि त्याच पोरांना त्यात सामावून घेतलं. पगार आणि नवं नाव, लिबियासारखंच. फरक एवढा की इथे कागद घेऊन जायला कोर्ट होतं. बेनगाझीत वकीलच मारले जात होते. जुलै २०१३ मध्ये अब्दुस्सलाम अल-मिस्मारी यांना नमाजाहून परतताना गोळी घातली. जून २०१४ मध्ये सलवा बुगैगीस यांचा मतदानाच्याच दिवशी घरात खून झाला. सप्टेंबरात तौफिक बेनसौद या अठरा वर्षांच्या मुलाला मारलं. टोळ्यांविरुद्धच्या निदर्शनांत तो पुढे असायचा.

ही नावं वाचल्यावर घरी थांबलेल्याला भित्रा म्हणायची माझी तरी हिंमत नाही. लहान मुलं असलेला बाप, आजारी आई असलेली मुलगी यांनी जायलाच हवं होतं असा नियम कुणी सांगू नये, निदान ज्याच्या चौकात चौकी नाही त्याने तर नाहीच. सही मागे घ्यायचे इतर मार्गही असतात. घरघूरनंतर त्रिपोलीत संप झाला, दुकानं आणि शाळा बंद राहिल्या. दुकानाचं शटर ओढणाऱ्यानेही सहीच मागे घेतली.

संपानंतर काही दिवसांतच मिस्राताच्या टोळ्या त्रिपोलीतून निघाल्या. आठ महिन्यांनी विमानतळासाठी लढत त्या परत आल्या, आणि त्या लढाईत विमानतळाची राख झाली. मे २०२५ मध्ये एका मोठ्या टोळीचा म्होरक्या मारला जाऊन त्रिपोलीत पुन्हा गोळीबार पेटला. त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी हुतात्मा चौक माणसांनी भरला होता. त्यातले कितीतरी जण घरघूरच्या वेळी प्राथमिक शाळेत असतील.